शांतारामाचे दुसरे गाऱ्हाणे

बास्केटबॉलमध्ये देवाला ओढू नये, असे नियमांच्या पुस्तकात कुठेही लिहिलेले नाही. लिहिलेले असते तर त्या रविवारी माझी अब्रू वाचली असती. पण आमच्या पेडण्यात देवाला सांगितल्याशिवाय विहीर खणत नाहीत की नाटकाचा पडदा वर जात नाही. मग बास्केटबॉलचा चेंडू तरी तसाच कसा उडवणार?

मी शांताराम. गावात सगळे तात्या म्हणतात. तेहतीस वर्षे विजेच्या खांबांवर चढलो आणि तीन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन खाली उतरलो. खांबावरून खालच्या माणसाशी बोलून बोलून माझा आवाज मोठा झाला, आणि स्वभाव तर जन्मापासूनच तापट. माझी जीभ आधी धावते आणि डोके मागून धापा टाकत येते, असे माझी बायको सत्यवती म्हणते. तिचे खोटे नाही.

या आवाजामुळेच निवृत्तीनंतर मला एक काम मिळाले. कुठेही कार्य असले की गाऱ्हाणे घालायला मला बोलावतात. म्हणजे नारळ ठेवून, हात जोडून देवाला मोठ्याने मागणे मागायचे आणि प्रत्येक मागणीला जमलेल्या लोकांनी "होय म्हाराजा" म्हणायचे. एकदा शंभर तोंडांतून होय गेले की देवाच्या दरबारात अर्जावर सही झाली, असे आम्ही मानतो. खांबावर चढणाऱ्याला निवृत्तीनंतर कोण विचारतो? मला विचारत, ते या गाऱ्हाण्यासाठी. त्या मानाला मी जपत होतो आणि त्याच रविवारी मी तो धुळीला मिळवायला निघालो होतो.

आमच्या क्लबाचा मुलींचा संघ आणि डिचोलीचा संघ यांचा दरवर्षी पौषात एक सामना होतो. एक वर्ष तिकडे, एक वर्ष इकडे. सात वर्षे झाली, पेडणे एकदाही जिंकले नव्हते. यंदा मात्र आमचा संघ जमून आला होता, कारण सातही वर्षे हरून न थकलेली गौरवी. ही माझ्या धाकट्या भावाची मुलगी. मोपाच्या विमानतळावर नोकरी करते, पहाटेची पाळी संपवून येते आणि जेवून सरळ कोर्टावर जाते. तिच्याएवढा घाम गाळणारी मुलगी मी पाहिलेली नाही. घरातली म्हणून सांगत नाही. बरे, घरातली म्हणूनच सांगतो.

डिचोलीकडे सेजल होती. सात नंबरची. राज्याच्या संघातून खेळलेली, बाप खाणीवर ट्रक चालवायचा, आता ही तिकडच्या शाळेत खेळ शिकवते. गेल्या वर्षी तिने एकटीने एकतीस गुण केले. त्यातल्या एका वेळी गौरवी पाय घसरून पडली, सेजल तिच्या बाजूने निघून गेली आणि कोणीतरी त्याचा व्हिडिओ करून खाली हसण्याची चिन्हे टाकून गावभर फिरवला. सेजलने तो केला नव्हता, हे मला माहीत होते. पण रागाला पत्ता लागतो, आणि मी तिचाच लिहिला.

त्या दिवशी चार वाजता कोर्टाभोवती उभे राहायला जागा नव्हती. हरमलचे पोरगे स्कूटर भरभरून आले होते, चोपड्याहून एक टेम्पो आला होता. बाजारात भुसारी दुकान चालवणारा परेश ढोल घेऊन पहिल्या रांगेत बसला होता. दोन्ही संघ समोरासमोर हात जोडून उभे राहिले. मी मधल्या गोलात नारळ ठेवला आणि सुरू केले.

"बा रवळनाथा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां हय खेळूक जमली हत म्हाराजा..."

"होय म्हाराजा!"

"तेंच्या हातापायांक बळ दी म्हाराजा..."

"होय म्हाराजा!"

"खेळताना काय चुकलां माकलां तर सांभाळून घी म्हाराजा..."

"होय म्हाराजा!"

इथे थांबलो असतो तर गोष्टच नव्हती. पण आवाज लागला होता, माणसे होय होय करत होती आणि समोर सात नंबर दिसत होता. जीभ धावली.

"आनी ती डिचोलेची सात नंबर आसा म्हाराजा, तिचो हात चुकू दी म्हाराजा! बॉल जाळ्यात पडूक नको म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

कोर्ट दणाणले. आणि त्या दणक्यात एक आवाज माझ्या अगदी समोरून आला. सेजल डोळे मिटून, हात जोडून उभी होती आणि लहानपणापासूनच्या सवयीने तिनेही खणखणीत "होय म्हाराजा" म्हटले होते. तिच्या गावातही हीच रीत. गाऱ्हाण्यात माणूस शब्द ऐकत नाही, सूर पडला की होय म्हणतो. मग तिने डोळे उघडले, खाली वाकून स्वतःच्या छातीवरचा सात आकडा बघितला आणि हसत सुटली. सगळे कोर्ट हसले. मीही हसलो. वाटले, काय फक्कड जमले!

सामना सुरू झाला आणि सेजलचा हात खरेच चुकू लागला.

पहिला बॉल कडीवर आपटून बाहेर. दुसरा फळीवर. पाचव्या मिनिटाला आमच्या मुलीने तिला धक्का दिला म्हणून तिला दोन फ्री थ्रो मिळाले. फ्री थ्रो म्हणजे समोर कोणी अडवणारे नाही, रेषेवर उभे राहून निवांत मारायचे. सेजलसारखीला हे म्हणजे भात कालवण्याइतके सोपे. ती रेषेवर उभी राहिली, चेंडू दोनदा आपटला आणि ती फेकणार इतक्यात परेशने ढोलावर थाप मारून आरोळी दिली, "तिचो हात चुकू दी म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" दोनशे माणसे ओरडली.

चुकला. दुसराही चुकला. मग तो धंदाच झाला. सेजलच्या हातात चेंडू आला की ढोल, आरोळी आणि होय म्हाराजा. लोक माझ्याकडे वळून अंगठा दाखवत होते. हरमलचा एक पोरगा येऊन माझ्या पाया पडून गेला. "तात्या, तुमची जीभ काळी हा, काळी!" तो म्हणाला, आणि मी मूर्ख, फुगून बसलो.

सत्यवती बाजूच्या खुर्चीवर बसली होती. ती टाळ्या वाजवत नव्हती.

"कित्या गप्प?" मी विचारले. "आपली पोरां जिंकतत."

"त्या चेडवान आपल्याच वायटाक होय म्हटला," ती म्हणाली. "तुमी हसलास. माका हसू येवक नाय."

मी हात झटकला. पण त्यानंतर माझी नजर चेंडूवरून उठून त्या मुलीवर गेली. आधी ती चुकल्यावर हसत होती. मग हसणे थांबले. मग ती फेकण्याआधी प्रेक्षकांकडे बघू लागली, पुढची आरोळी कुठून येणार ते शोधत. एवढी मोठी खेळाडू, आणि तिला चेंडू नकोसा झाला होता. कोणी तिच्याकडे दिला की ती लगेच दुसरीला देऊन टाकायची. तिला आठ फ्री थ्रो मिळाले होते, त्यातला एकच जाळ्यात गेला. हाफटाइमला पेडणे सव्वीस, डिचोली पंधरा.

सगळे गाव नाचत होते आणि गौरवी घामाने निथळत माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी पाण्याची बाटली पुढे केली. तिने घेतली नाही.

"तात्या, ता उतरय."

"काय उतरय?"

"गाऱ्हाणा. तू घातलंस, तूच उतरय."

मला राग आला. अख्ख्या गावासमोर! "गाऱ्हाणा म्हणजे काय दोरीवरचा लुगडा हा? एकदा घातला की घातला. आनी तू खंयच्या बाजून खेळतंस गो?"

"सात वर्सा मी तिका हरवूक बघतंय," गौरवी म्हणाली. "सकाळी तीनाक उठतंय, काम करून येतंय, हय मरमर मरतंय. आनी उद्या लोक काय म्हणतले? शांतारामाच्या गाऱ्हाण्यान पेडणा जिंकला. देवच तिका हरवतलो तर मी कित्याक धावतंय, तात्या?"

तापट माणसाकडे उत्तर नसले की तो आवाज चढवतो, म्हणून मी तोंड उघडले. सत्यवतीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मी ते मिटले.

गौरवी परत गेली. मी बसून राहिलो. खरे सांगतो, मला भीती वाटत होती. उठून गाऱ्हाणे उतरवायचे म्हणजे दोनशे माणसांसमोर चुकलो म्हणायचे. आणि उतरवल्यावर पेडणे हरले तर? सात वर्षांनी हाताशी आलेला सामना शांतारामाने घालवला, हेच मरेपर्यंत ऐकावे लागेल. पुन्हा कोण मला नारळ हातात देईल? पण समोर डिचोलीच्या बाकावर ती मुलगी पाठ करून बसली होती आणि त्या पाठीवरचा सात आकडा मला बघवेना. माझी स्वतःची मुलगी असती आणि दुसऱ्या गावात कोणी तिला असे केले असते, तर मी त्याच्या घरची वीज तोडली असती.

मी उठलो आणि मधल्या गोलात जाऊन उभा राहिलो. नारळ मघाच फोडून झाला होता, दुसरा नव्हता. परेशला वाटले मी आणखी जोरात घालणार, त्याने ढोल बडवला. मी हात वर करून त्याला गप्प केले, आणि रिकामे हात जोडले.

"बा रवळनाथा म्हाराजा..."

लोक सावरून उभे राहिले. डिचोलीच्या मुलीही उठल्या. पण या वेळी सेजलचे डोळे उघडे होते आणि ओठ मिटलेले.

"मगाशी ह्याच जाग्यार ह्या शांतारामान तुका एक मागणा घातला म्हाराजा. ता मागणा खोटा होता म्हाराजा."

कोणी होय म्हटले नाही. इतकी माणसे आणि वाऱ्यावर हलणाऱ्या माडाच्या झावळ्या ऐकू येत होत्या. परेश तोंड उघडे टाकून बघत राहिला. पावसात खांबावर असतानाही मी इतका एकटा नव्हतो.

"त्या चेडवाची काय चूक नाय म्हाराजा," मी कसेबसे म्हणालो. "चूक माझ्या जिभेची म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

हा आवाज सत्यवतीचा. एकटीचा, आणि चाळीस वर्षांचा अनुभव त्यात होता. सगळे कोर्ट हसून फुटले आणि दोनशे माणसांनी बेंबीच्या देठापासून साथ दिली, "होय म्हाराजा!" माझ्या जिभेबद्दल गावाचे एवढे एकमत असेल असे मला वाटले नव्हते. पण त्या हसण्याने मला धीर आला.

"ता मागणा तू परत दी म्हाराजा. जिची जशी मेहनत तसा तिका फळ दी म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आनी आता ती बॉल मारताना जो कोण आरडतलो, तेची जीभ..."

गौरवी मोठ्याने खोकली.

"...तेका बरी बुद्धी दी म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आणि या वेळी डिचोलीच्या मुलींचाही आवाज त्यात होता.

दुसऱ्या अर्ध्यात सेजल खेळली. काय खेळली म्हणून सांगू! चेंडू तिच्या हातातून सुटायचा आणि जाळे फक्त हलायचे. आमच्या मुलीही काही सोडत नव्हत्या. गौरवी तिच्यासमोर भिंत होऊन उभी राहायची, एकदा तिच्या हातातून चेंडू हिसकावून एकटी पळाली आणि तिने टोपली केली तेव्हा डिचोलीच्या बाकावरूनही टाळ्या आल्या. अकरा गुणांची आघाडी सात झाली, चार झाली. परेशचा ढोल वाजत होता, पण आमच्या टोपलीवर. सेजल रेषेवर उभी राहिली की तो काठी मांडीखाली दाबून बसायचा. त्याला किती कष्ट पडत होते ते चेहऱ्यावर दिसत होते.

चार सेकंद उरले तेव्हा पेडणे एक्कावन्न, डिचोली पन्नास. सेजल चेंडू घेऊन आत घुसली, गौरवी आडवी गेली, दोघी आपटल्या आणि शिट्टी झाली. पंचाने फाऊल दिला. गौरवीवर.

"खंयचो फाऊल!" लोक उठले. माझीही जीभ निघाली होती, पण तेवढ्यात गौरवीने जमिनीवरूनच हात वर केला. तिच्या पहिल्या प्रशिक्षकाने शिकवलेली जुनी रीत. फाऊल आपला असेल तर पंचाने विचारायच्या आधी हात वर करायचा. लोक खाली बसले. गौरवी उठली, सेजलला हात देऊन उठवले आणि स्वतःच्या जागेवर गेली.

दोन फ्री थ्रो. एक गेला तर बरोबरी, दोन गेले तर सामना त्यांचा. कोणी हूं की चूं केले नाही. बाजारातून पाववाल्याचा भोंगा ऐकू आला, तेव्हा चार जणांनी वळून त्या दिशेला डोळे वटारले. सेजलने चेंडू दोनदा आपटला. पहिला आत. दुसरा कडीवर बसला, थोडा फिरला आणि आत पडला.

उरलेल्या वेळात गौरवीने अर्ध्या कोर्टावरून फेकला तो फळीला लागून परत आला. संपले. आठवे वर्ष.

मला वाईट वाटले, खूप वाईट वाटले. हाताशी आलेला सामना गेला आणि तो मीच घालवला, असेही वाटले. पण गंमत बघा, टाळ्या सगळ्यात आधी माझ्याच हातांनी वाजवल्या. मग परेशने ढोल वाजवला, हरलेल्या गावाने इतका वेळ वाजवू नये इतका वेळ.

नंतर क्लबाच्या मागे चहा, उंडे म्हणजे आमचे गोल पाव, आणि उसळ होती. दोन्ही संघ एकाच पंगतीला बसले. मी कोपऱ्यात उभा होतो. एक-दोघे बाजूने जाताना म्हणाले, "तात्या, दुसरा गाऱ्हाणा जरा कमी जोरान घालूचा होता." मी ऐकून घेतले. मला सेजलशी बोलायचे होते आणि कसे बोलावे ते कळत नव्हते. शेवटी तीच उठून आली. चहाचा पेला तिने डाव्या हातात धरला होता. उजव्या हाताची दोन बोटे चिकटपट्टीने एकत्र बांधलेली आणि त्यातले एक तोंडल्यासारखे सुजलेले.

"ह्या कधी झाला?" मी विचारले.

"पयल्याच मिनटाक. बॉल बोटार बसलो. हाफटायमाक बांदून घेतलां, मगे जमला."

म्हणजे देवाने माझे ऐकून तिचा हात चुकवला नव्हता, आणि उतरवल्यावर परतही दिला नव्हता. एका बोटाने सगळे केले होते. मी आपला अर्धा तास स्वतःला देवाचा खास माणूस समजून बसलो होतो!

"मगे सांगूक नाय तां?" मी म्हणालो. "मी उगीच थय उभो रवलंय, सगळ्यांसमोर!"

"काय सांगूचा? बोट दुखता म्हणान चुकतंय? तुमच्या पोरांनी बरा अडवलेला माका. सबब सांगितली असती तर तेंची मेहनत खोटी पडली असती."

"म्हणजे माझी दोनय गाऱ्हाणी फुकट."

"पयला फुकट," सेजल म्हणाली. "दुसरा नाय. बोटाक पट्टी बांदूक येता, तात्या. कानांक काय बांदतलंय?"

बोट सुजले असो की देवाने धरले असो, मी मागितले होते ते मागितलेच होते. मी तिच्यापुढे हात जोडले. तिने पेला पटकन खाली ठेवला आणि माझे हात धरून खाली केले.

"असा करू नकात. तुमी वडील माणूस," ती म्हणाली. "फुडल्या वर्सा मॅच आमच्याकडे. आमच्याकडे गाऱ्हाणा घालूक असो आवाज नाय कोणाचो. तुमी येवचे."

ज्या मुलीचा हात चुकावा म्हणून मी देवाला सांगितले, तीच मला नारळ हातात द्यायला बघत होती. मी नुसता मान हलवत राहिलो.

तोवर गौरवी उंडा खात मागे येऊन उभी राहिली होती. डोळे लाल होते, म्हणजे कुठेतरी जाऊन रडून आली होती. पण बोलली ती नेहमीच्याच आवाजात.

"येतलो तो," ती सेजलला म्हणाली. "पण आधी कागदार लिवतलो, आनी मी वाचल्याशिवाय डिचोलेची गाडी धरूची नाय."